फूलबागेतलं ऊन आणि मावशीचा कॉम्प्युटर

बेळगावहून ग्वाल्हेरला जायला गाडी बदलावी लागत नाही, हे आपल्याकडच्या पुष्कळांना माहीत नसतं. वास्कोहून निघालेली गोवा एक्स्प्रेस बेळगाव, मिरज, पुणे, मनमाड, भुसावळ, इटारसी, भोपाळ, झाशी करत थेट ग्वाल्हेरला पोचवते. एक रात्र, एक अख्खा दिवस आणि वर पुन्हा अर्धी रात्र. माझी मावशी १९६४ साली लग्न होऊन धारवाडहून ग्वाल्हेरला गेली तेव्हा हे सुख नव्हतं. पुण्यापर्यंत मीटरगेज, पुढे ब्रॉडगेज, आणि पत्र्याच्या ट्रंका प्रत्येक ठिकाणी उतरवून पुन्हा चढवायच्या. त्या प्रवासाची गोष्ट ती अजून सांगते, आणि दर वेळी त्यात एक ट्रंक वाढते.

गेल्या मार्चमध्ये तिचा फोन आला. राहतं घर सोडायचं ठरलं होतं. मावसभावानं शहराच्या दुसऱ्या टोकाला फ्लॅट घेतला होता आणि पाडव्याला तिकडे जायचं होतं. "सामानाचं दादा बघतोय, पण तू ये," मावशी म्हणाली. "ह्यांचा कॉम्प्युटर स्वच्छ करून दे. फार पिवळा पडलाय. आला तेव्हा कसा पांढराशुभ्र होता!"

मी बेळगावात अठरा वर्षं डीटीपीचं काम केलं. लग्नपत्रिका, संस्थांचे अहवाल, दिवाळी अंकांची पानं, एका पानावर मराठी आणि पाठीमागं कन्नड. त्यामुळे कीबोर्ड कसा धुवायचा हे मला येतं, असा घरच्यांचा समज आहे आणि तो खराच आहे. पण पिवळा पडलेला पांढरा करायचा, ही गोष्ट निराळी. ते मी फोनवर बोलले नाही.

मध्यरात्र उलटून गेल्यावर ग्वाल्हेरला उतरले. दादा न्यायला आला होता. घरी मावशी जागीच होती. दारात उभी राहून तिनं विचारलं, "बा, कुंद्र. ऊट आतेनु?" साठ वर्षं हिंदी मुलखात काढलेली ही बाई माहेरचं माणूस दिसलं की आधी कन्नडमध्ये जेवणाचं विचारते. रात्रीचे दोन वाजले असले तरी.

मावशीचं घर शिंदे की छावणी भागात. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी इथं फौजेचा तळ टाकला, त्या तळाचं शहर झालं आणि त्याचं नावही लष्करच राहिलं. राजघराणं कागदोपत्री ‘सिंधिया’ झालं, तरी रिक्षावाल्याच्या तोंडी या मोहल्ल्याचं नाव अजून शिंदेच आहे. इथून फूलबाग चालत जाण्याच्या अंतरावर. काका मोतीमहालातल्या एका सरकारी कचेरीत नोकरीला होते, आणि मोतीमहाल फूलबागेला लागूनच. म्हणजे नोकरीची सगळी वर्षं त्यांचा रस्ता हाच. मध्य भारत नावाचं राज्य होतं तेव्हा त्याचं सचिवालय मोतीमहालात होतं. ते राज्य १ नोव्हेंबर १९५६ ला मध्य प्रदेशात विलीन झालं. ही तारीख मी आपल्या वाचकांना वेगळी समजावून सांगायला नको.

सकाळी मावशी मला फूलबागेत घेऊन गेली. चौऱ्याऐंशी वर्षांची आहे, पण फूलबागेची फेरी चुकवत नाही. नाव ऐकून ताटव्यांची बाग डोळ्यांसमोर आणू नका. फुलं आहेत, पण फूलबाग हा सगळा मोठा परिसरच आहे. माधवराव शिंद्यांनी तो आखून घेतला आणि १९२२ मध्ये तेव्हाच्या प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. सगळे धर्म सारखे अशी माधवरावांची श्रद्धा, म्हणून एकाच आवारात गोपाळमंदिर, मोती मशीद, गुरुद्वारा आणि थिऑसॉफिकल लॉजचं प्रार्थनागृह. शेजारी प्राणीसंग्रहालय. वाघाची डरकाळी, अजान आणि गुरुद्वाऱ्यातलं कीर्तन एकाच बाकावर बसून ऐकू येतं, असं काका म्हणत. मी गेले त्या सकाळी वाघ झोपला असावा.

जवळच राणी लक्ष्मीबाईंची समाधी. जून १८५८ मध्ये इथं लढताना त्या पडल्या. घोड्यावरचा पुतळा लांबून दिसतो. मला दर वेळी इथं बैलहोंगलची आठवण होते. तिथं कित्तूरच्या राणी चन्नम्मांची समाधी आहे, त्या १८२९ मध्ये कैदेत वारल्या. आपल्याकडच्या मुलांना शाळेत दोघी पाठ असतात, एक मराठीच्या पुस्तकात, दुसरी कन्नडच्या. मावशी चप्पल काढून समाधीला नमस्कार करते आणि तिथूनच परत फिरते.

घरी आल्यावर कॉम्प्युटर पाहिला. १९९८ चा. उभी कॅबिनेट, पंधरा इंची काचेचा मॉनिटर, गोळीचा माऊस, आणि बोट ठेवताच टक्‌टक् वाजणारा जडशीळ कीबोर्ड. आपल्याकडच्या बँकांत आणि प्रेसमध्ये या कीबोर्डांनी वर्षानुवर्षं काम केलं, तो आवाज ज्यांनी ऐकलाय त्यांना वेगळं सांगायला नको. निवृत्तीनंतर काकांनी फंडाच्या पैशांतून हा कॉम्प्युटर घेतला होता. इथल्या मराठी मंडळाची पत्रं, गणेशोत्सवाची पत्रकं, हळदीकुंकवाची आमंत्रणं सगळी यावरच झाली. काका २०१९ मध्ये गेले. त्यानंतर वरचं प्लॅस्टिकचं आवरण कुणी काढलंच नव्हतं.

मावशी म्हणाली ते खरं होतं. कॅबिनेट हळदीच्या दुधासारखी झाली होती. मॉनिटरच्या वरच्या बाजूला, जिथून गरम हवा बाहेर पडते तिथं, रंग अजून गडद. खिडकीकडची कूस पिवळी, भिंतीकडची फिकट. माऊस मात्र राखाडी होता. तो पिवळा नव्हता, नुसता मळला होता.

इथंच पहिली गोष्ट नीट पाहायला हवी. मळ वेगळा आणि पिवळेपणा वेगळा. मळ बाहेरून येतो. हाताचा घाम, तेल, धूळ, उदबत्तीचा धूर, फोडणीची वाफ. तो धुतला की जातो. पिवळेपणा कुठून लागलेला नसतो, तो प्लॅस्टिकच्याच अंगचा असतो. कितीही घासा, फडक्यावर काही येत नाही, आणि घासणाऱ्याला वाटतं अजून जोर लावायला हवा. मग राखेनं, भांड्याच्या पावडरीनं नाहीतर तारेच्या चोथ्यानं घासतात. पिवळं तसंच राहतं. वरचा बारीक खरबरीतपणा तेवढा जातो आणि तिथं टक्कल पडल्यासारखी चकाकी येते, ती कायमची.

या जुन्या यंत्रांचं आवरण बहुतेक एबीएस नावाच्या प्लॅस्टिकचं असतं. ॲक्रिलोनायट्राइल, ब्युटाडाइन आणि स्टायरिन या तिघांच्या आद्याक्षरांचं ते नाव. ब्युटाडाइन म्हणजे त्यातला रबराचा भाग, त्यामुळे वस्तू पडली तरी पटकन फुटत नाही. पण उन्हातले अतिनील किरण, उष्णता आणि हवेतला प्राणवायू यांच्यापुढे पहिला हाच भाग हार खातो. त्याच्या साखळ्यांत असे बदल होतात की प्रकाशातला निळा भाग शोषला जातो, आणि निळा गेला की डोळ्यांना पिवळं दिसतं. आग लागू नये म्हणून प्लॅस्टिकमध्ये ब्रोमीनची संयुगंही मिसळत. पुष्कळ वर्षं सगळा दोष त्यांच्याच माथी मारला जाई. आता इतकं सोपं उत्तर कुणी देत नाही, कारण प्रत्येक घाण्यातलं मिश्रण थोडं वेगळं असतं. म्हणून तर एकाच कॅबिनेटचा दर्शनी भाग पिवळा आणि बाजूचा पांढरा असं होतं. काही कीबोर्डांची बटणं पीबीटी नावाच्या निराळ्या प्लॅस्टिकची आणि स्पेसबारची पट्टी एबीएसची असते. तिथं बटणं तशीच राहतात आणि एकटी पट्टी पिवळी होते. तुमच्या घरातला जुना मिक्सर, विजेच्या बटणांची फळी, फ्रिजची मूठ बघा. तिथंही पुष्कळदा हीच कथा असते.

गंमत अशी की कन्नडमध्ये आपण हळदीला अरिशिण म्हणतो आणि पिवळ्या रंगाला मात्र हळदी. मावशीनं कॅबिनेटवर हात फिरवला आणि विचारलं, "बेळ्ळग आगतदेनु?" पांढरं होईल का? मी म्हटलं, "आधी धुऊ तरी."

कीबोर्डपासून सुरुवात केली. वायर काढली, मग कुठलं बटण कुठं आहे याचा मोबाइलवर फोटो घेतला. हा फोटो विसरलात तर नंतर डोक्याला हात लावून बसावं लागतं. एक-एक बटण सरळ वर उचलून काढायचं. वाकडं ओढलं की खालचा दांडा मोडतो. स्पेसबारच्या खाली तारेचा आधार असतो, तिथं घाई करायची नाही. बटणं निघाल्यावर कीबोर्ड वर्तमानपत्रावर पालथा करून हळूच थोपटला, आणि काकांची वीस वर्षं कागदावर पडली. शेवेचे तुकडे, तांदळाचे दाणे, पेन्सिलीची टोकं, एक टाचणी, नखाएवढा खडूचा तुकडा, आणि सगळ्यावर पसरलेली तपकिरी भुकटी. मी ती बोटांत धरून वास घेतला. तंबाखू. माझे बाबा दर वर्षी ग्वाल्हेरला जाताना काकांसाठी निपाणीची तंबाखू न्यायचे. मावशीला ते मुळीच आवडत नसे, आणि बाबा ती पिशवीत तळाशी, चिवड्याखाली लपवून न्यायचे. मावशीनं कागदाकडे बघितलं, म्हणाली, "वीस वर्षं मला सांगत होते, सोडली म्हणून."

तिनं कागद उचलला, पण टाकला नाही. तसाच घडी करून शेजारी ठेवला.

बटणांवर छोट्या कागदी चिठ्ठ्या चिकटवलेल्या होत्या. ही काकांची करामत. इन्स्क्रिप्ट या मांडणीत स्वर डाव्या हाताला आणि व्यंजनं उजव्या हाताला असतात. १९८६ मध्ये केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागानं ती ठरवली आणि १९९१ च्या भारतीय मानकात ती आली. तिचा खरा गुण आपल्यासारख्या दुभाषी घरांनाच कळतो. अक्षराची जागा लिपी बदलली तरी बदलत नाही. के च्या बटणावर देवनागरी निवडली तर देवनागरी ‘क’ उमटतो, कन्नड निवडली तर कन्नड ‘क’. काकांकडे पुण्याच्या सी-डॅकचं आयएसएम होतं, त्यात दोन्ही लिप्या होत्या. त्यांनी मराठी अक्षरं सुवाच्य लिहून चिठ्ठ्या चिकटवल्या. मग मावशीनं प्रत्येक चिठ्ठीच्या खालच्या कोपऱ्यात बॉलपेननं कन्नड अक्षर लिहिलं. काका मंडळाचं इतिवृत्त टाइप करून उठले की ती धारवाडच्या भावाला पत्र टाइप करायला बसे. एकाच बटणावर दोघांची बोटं. कोपऱ्यातली ती अक्षरं आता फिकट निळी झाली होती.

बटणं धुवायची रीत सोपी आहे. कोमट पाणी, त्यात भांडी घासायच्या पातळ साबणाचे चार थेंब, तासभर भिजत ठेवायची, मऊ टूथब्रशनं कडा घासायच्या, दोन पाण्यांतून काढून पंचावर सावलीत पालथी घालून रात्रभर वाळवायची. कढत पाणी नको, बटणं वाकडी होतात. चिकट मेणचट थर साबणानं जात नसेल तर कापसावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्यायचं, तेही आधी मागच्या बाजूला लावून बघून. थिनर आणि नेलपॉलिश काढायचं ॲसिटोन जवळसुद्धा आणू नये. एबीएस त्यात विरघळतं, आणि एकदा बोटाचा ठसा उमटला की तो तसाच राहतो. मॉनिटर मात्र बाहेरूनच पुसायचा, घट्ट पिळलेल्या फडक्यानं. जुन्या काचेच्या मॉनिटरमध्ये बंद केल्यावरही जबर दाबाची वीज साठून राहू शकते. झाकण उघडायचा मोह नको.

ही रीत मला पाठ आहे. पण चिठ्ठ्या असलेली बटणं कधी धुतली नव्हती. माझ्या डोक्यात होतं की चिठ्ठीची बटणं ओल्या कापसानं वरच्यावर पुसायची आणि बिनचिठ्ठीची तेवढी भिजवायची. दोन वाट्या वेगळ्या केल्या होत्या. गप्पांच्या नादात एक बटण चुकीच्या वाटीत गेलं. तासाभरानं पाण्यावर कागदाचा एक लगदा तरंगताना दिसला. शाई उतरून पाणी किंचित निळं झालं होतं.

ते एन चं बटण होतं. त्यावर ‘ल’ आणि शिफ्ट धरून येणारा ‘ळ’.

मी बटण पुसून हातात घेतलं. बटण पिवळं, आणि मधोमध, चिठ्ठी होती तेवढ्या जागी, स्वच्छ फिकट चौकोन. वीस वर्षं त्या कागदानं खालच्या प्लॅस्टिकला ऊन लागू दिलं नव्हतं. मावशीला दाखवायला हवंच होतं. मी माफी मागितली. तिनं चष्मा लावला, बटण उजेडात धरून कितीतरी वेळ पाहिलं. "हाच रंग," म्हणाली. "दुकानातून आणला तेव्हा हाच होता. हात धुतल्याशिवाय शिवू देत नव्हते कुणाला."

दादाची मुलगी, कॉलेजात जाणारी, मागं उभी होती. "आत्या, पूरा ऐसा हो सकता है क्या?"

होऊ शकतं. म्हणजे काही प्रमाणात. २००८ च्या सुमारास जुन्या कॉम्प्युटरांच्या नादी लागलेल्या परदेशातल्या हौशी लोकांनी एक पद्धत रूढ केली, तिला ते रेट्रोब्राइट म्हणतात. हायड्रोजन पेरॉक्साइड लावायचं आणि उन्हात ठेवायचं, बस. अतिनील किरण आणि पेरॉक्साइड मिळून पिवळा रंग आणणारी जोडणी तोडतात. कुणी त्यात कपड्याच्या पावडरीतला ऑक्सिजनवाला भाग घालतात, कुणी द्रव ओघळू नये म्हणून घट्ट करतात. आपल्याकडे औषधाच्या दुकानात मिळणारं पेरॉक्साइड साधारण ६ टक्क्यांचं असतं. पार्लरवाल्या केसांना लावतात त्या क्रीममध्ये ते १२ टक्क्यांपर्यंत जातं. हे विष नाही, पण कातडीला लागलं की चुरचुरतं आणि पांढरा डाग पडतो. डोळ्यात गेलं तर फार वाईट. रबरी हातमोजे आणि चष्मा पाहिजेच. डबा घट्ट बंद करायचा नाही, आत वायू साठतो.

दुसऱ्या दिवशी फूलबागेच्या फेरीहून परतताना औषधाच्या दुकानातून दोन बाटल्या घेतल्या. दुकानदारानं विचारलं, "चोट लगी है?" मावशी म्हणाली, "नहीं भैया, कंप्यूटर नहलाना है." त्यानं पुढं काही विचारलं नाही.

सगळ्या कॅबिनेटवर प्रयोग करायची माझी तयारी नव्हती. कॅबिनेटच्या पुढच्या भागात सीडी ड्राइव्हच्या जागी बसवलेली एक कोरी पट्टी असते, ती काढली. काचेच्या पसरट भांड्यात पेरॉक्साइड ओतून तिला पूर्ण बुडवलं, वर पातळ प्लॅस्टिक सैल अंथरलं आणि भांडं गच्चीवर ठेवलं. मार्चमध्येच ग्वाल्हेरचं ऊन आपल्या मे महिन्याची आठवण करून देतं. अधूनमधून वर जाऊन पट्टी उलटायची. क्रीम लावून हेच करायला गेलं आणि ती मधेच सुकली, तर संगमरवरासारखे डाग पडतात. ते मग पिवळ्यापेक्षा वाईट दिसतात. म्हणून बुडवणं बरं.

पट्टी उन्हात असताना आम्ही फूलबागेत गेलो. मावशीला गोपाळमंदिरात जायचं होतं. या मंदिराची ख्याती जन्माष्टमीची. राधाकृष्णाचे शिंदेकालीन दागिने बँकेच्या लॉकरमध्ये असतात. जन्माष्टमीला ते पोलिसांच्या पहाऱ्यात आणतात, मोजतात, स्वच्छ करतात आणि देवाला घालतात. हिरे आहेत, पाचू आहेत, मोती आहेत. त्या दिवशी फूलबागेत पाय ठेवायला जागा नसते. मावशीनं ते दागिने अनेकदा पाहिलेत. देवळाबाहेर उन्हात बसलो तेव्हा ती म्हणाली, "हिऱ्याचं बरं असतं, धुतला की झालं. मोती पिवळे पडतात. माझ्या नथीचे नाही का पडले?"

मी विचारलं, "मग तू काय करतेस?"

"काय करणार? घालून झाली की मलमलीच्या फडक्यानं पुसायची, घाम राहू द्यायचा नाही. साबण लावायचा नाही. सोनारानं विचारलं होतं, बदलून देऊ का. मी म्हटलं, नको. सासूबाईंनी दिलेले आहेत."

मी गप्प बसले. हे ती कॉम्प्युटरबद्दल बोलत नव्हती, निदान तेव्हा तरी नाही.

दोन दुपारनंतर पट्टी काढून धुतली. लोण्यासारखी फिकट झाली होती. नात आनंदानं ओरडलीच. तिनं ती कॅबिनेटवर जागच्या जागी बसवली आणि आम्ही तिघी लांब होऊन बघायला लागलो. पिवळ्या दातांच्या रांगेत कवळीचा एक दात बसवावा तसं दिसत होतं. दादा आत आला, म्हणाला, "हे काय? दुसऱ्या मशीनचं लावलंत?"

मग मात्र मी मावशीला सगळं सांगितलं, जे फोनवर सांगायचं राहिलं होतं. हा पांढरेपणा टिकत नाही. कुणाचा काही महिने, कुणाचा काही वर्षं. पिवळं पुन्हा येतं, अंधाऱ्या कपाटात ठेवलं तरी येऊ शकतं. झालेली झीज यानं भरून येत नाही, रंग तेवढा जातो. पुन्हा पुन्हा केलं तर प्लॅस्टिक ठिसूळ व्हायची भीती. आणि कीबोर्ड पांढरा करायचा तर सगळ्या चिठ्ठ्या काढाव्या लागतील. पेरॉक्साइडखाली बॉलपेनची शाई राहणार नाही. ठेवल्या तर प्रत्येक बटणावर एक चौकोन वेगळा दिसेल.

"सगळ्या?"

"सगळ्या."

माझं स्वतःचं मत विचाराल तर, दुकानात मांडायचा किंवा पुन्हा वापरायचा जुना कॉम्प्युटर असेल तर जरूर पांढरा करावा, हौसेला मोल नाही. पण ज्या वस्तूवर माणसाचा हात फिरलाय तिचा मळ काढावा आणि थांबावं. मळसुद्धा सगळा काढावा का, याबद्दल त्या तंबाखूच्या पुडीनंतर माझी खात्री राहिलेली नाही. पण निर्णय मावशीचा होता, आणि तिनं तो त्या दिवशी दिला नाही. संध्याकाळभर ती डबे भरत राहिली.

सकाळी तिनं दादाला बोलावून सांगितलं. मॉनिटर आणि कॅबिनेट ने. कीबोर्ड राहील, असाच.

दादा म्हणाला, "कबाड्याला फोन करतो." इथं मी मध्ये पडले. काचेच्या मॉनिटरमध्ये शिसं असतं. कबाडी तांब्यासाठी तो फोडतो आणि काच नाल्याकाठी टाकतो. १ एप्रिल २०२३ पासून ई-कचऱ्याचे नवे नियम लागू आहेत, नोंदणी असलेल्या पुनर्चक्रण करणाऱ्याकडेच अशा वस्तू जायला हव्यात. दादानं कपाळाला आठ्या घातल्या, पण शोधून काढला. हार्ड डिस्क मी आधीच काढून घेतली होती. काकांची पत्रं बाहेर आली, जुन्या फाँटची असल्यानं उघडल्यावर सगळी अगम्य चिन्हं दिसत होती. ती युनिकोडमध्ये आणायचं काम मी बेळगावला घेऊन आले आहे. ती मेहनत वेगळीच, तिच्याबद्दल पुन्हा कधीतरी.

निघायच्या दिवशी दुपारी कीबोर्ड जोडायला बसले. फोटो बघत एक-एक बटण जागेवर दाबत होते. शेवटी एन राहिलं, मधे पांढरा चौकोन असलेलं. नातीनं नवीन कागद कापून आणला आणि वर सुबक ‘ल’ काढला.

"ळ पण," मावशी म्हणाली.

"वो कौन सा?" मराठी घरातली मुलगी, पण शाळा हिंदी. तिच्या तोंडी बेळगाव म्हणजे बेलगाव. मावशीनं तिच्या हातातलं पेन घेतलं. तिथल्या हिंदीत हे अक्षर नाही, आपल्या दोन्ही भाषांत आहे. तिनं देवनागरी ळ काढला, मग खालच्या कोपऱ्यात कन्नड ल, आणि त्याच्याशेजारी कन्नड ळ. हात थरथरत होता. शेवटचं अक्षर चिठ्ठीच्या कडेबाहेर गेलं आणि त्याची शेपटी पिवळ्या प्लॅस्टिकवर उमटली. नात पुसायला फडकं घेऊन पुढं झाली. मावशीनं तिचा हात बाजूला केला, चिठ्ठी अंगठ्यानं दाबून धरली आणि मला म्हणाली, "डिंक वाळेपर्यंत थांबशील ना? गाडी संध्याकाळची आहे."